काहीच न शिकल्याचा दाखला

४ जानेवारी
नवं वर्ष, नवी डायरी, एकच संकल्प. शिक्षणाचं कर्ज फेडायचं नाही. बुडवायचंही नाही, ते भामट्यांचं काम. कायदेशीररीत्या नाहीसं करायचं. फेडतो तो मूर्ख, बुडवतो तो चोर, आणि दोघांच्या मधून जी बारीक वाट जाते तिच्यावरून माझ्यासारखे मोजके लोक चालतात. वाक्य जमलंय. शोरूमच्या मालकांना ऐकवायला हवं.

बँकेचं पत्र आलंय. भाषा उर्मट. मी हप्ते न भरल्यामुळे म्हणे जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू केली आहे. जामीनदार म्हणजे ताई. ती पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवते. धीर द्यायला फोन केला तर म्हणाली, कपात मागच्याच महिन्यापासून चालू आहे रे, तुला सांगून काय होणार होतं. हेच ते! योग्य माहिती योग्य माणसापर्यंत वेळेवर न पोचवणं. आमच्या कोर्समध्ये यावर अख्खं प्रकरण होतं. त्या दिवशी मी गेलो नव्हतो, पण शीर्षक पाठ आहे.

९ जानेवारी
बायको सरकारी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि घरी येऊन मला सरळ करायला बघते. आज चहाचा कप पुढ्यात ठेवून माझ्या कर्जावर बोलायला बसली.

म्हणाली, पगाराच्या प्रमाणात हप्ता कमी करून मिळतो, फक्त पगाराची स्लिप जोडायची. मी म्हटलं, माझी स्लिप बँकेतल्या कुणाही सोम्यागोम्यानं पाहावी? म्हणाली, पाहिली तर हप्ता फारच कमी करतील. टोमणा होता की हिशोब, कळलं नाही.

मग म्हणाली, नाहीतर माझ्यासारखं कर. सरकारी सेवेत दहा वर्षं काढली की उरलेलं कर्ज माफ. तिचं दीड वर्ष राहिलंय. मी सांगितलं, मी नेतृत्व शिकलोय, सेवा नाही.

शेवटी म्हणाली, मग बँकेत जाऊन बस, नीट बोल, थोडे पैसे एकदम भरतो म्हण, ते बाकीचं सोडतात. भरतो म्हण! मग माझ्यात आणि फेडणाऱ्यात फरक काय राहिला?

नाकासमोर चालणारी माणसं. नाक जेवढं लांब, तेवढीच दृष्टी.

१५ जानेवारी
जेवताना बायको म्हणाली, तुझी ती संस्था बंद पडली ना, अशा संस्थांमधल्या मुलांचं सगळं कर्ज रद्द होतं म्हणे, वॉर्डात एकजण सांगत होती. मी नीट ऐकलं नाही. भेंडी कच्ची होती.

१६ जानेवारी
आज मी एक जबरदस्त गोष्ट शोधून काढली!

कायद्यात सोय आहे. संस्थेनं खोटी आश्वासनं देऊन फी घेतली आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काहीही शिकवलं नाही असं सिद्ध झालं, तर कर्ज पूर्ण रद्द. जामीनदार मोकळा. बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कौतुकानं असावं.

या सोयीच्या सरकारी माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही अटी आहेत. अटी वाचणं कारकुनाचं काम. नेत्यानं दिशा बघायची.

२८ जानेवारी
अर्ज लिहायला घेतला. संस्थेबद्दल लिहिताना पेन थांबेना. विजेच्या सामानाच्या दुकानावर दोन खोल्या. डिप्लोमाचं नाव ‘सामरिक नेतृत्व आणि जागतिक व्यवस्थापन’. जग त्या खोल्यांत मावणारं नव्हतंच, पण आमचे चाळीस जणही मावत नव्हते. शिकवायला संचालकांचा मुलगा. प्रोजेक्टर चालला तर चालला, नाहीतर तो स्वतःच्या यशाची गोष्ट सांगायचा. यश म्हणजे, वडिलांनी संस्था काढली. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना पहिला वर्ग. नोकरीची शंभर टक्के हमी. ती हमी घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि पाठोपाठ संस्थेला कुलूप.

चौदा पानं झाली. असा कडक मजकूर फक्त उच्चशिक्षित माणूसच लिहू शकतो.

३ फेब्रुवारी
तिढा. असे अर्ज तपासणाऱ्या मंडळाला नुसती माझी तक्रार पुरत नाही. मला ओळखणाऱ्या तिघांचे लेखी जबाब हवेत की या माणसाला त्या शिक्षणाचा काडीचा उपयोग झालेला नाही. नोकरी देणारा, घरातलं माणूस आणि जामीनदार.

बायको म्हणाली, जरा विचार कर, हे हात दाखवून अवलक्षण होईल. मी हसलो. अगं, हे नाटक आहे! मला सगळं येतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना उलटं लिहायला जड जाईल, तेवढंच. हळुवारपणे समजावून सांगावं लागेल.

६ फेब्रुवारी
मालकांना हळुवारपणे समजावायला गेलो.

आमचं गाद्यांचं शोरूम. मी सहायक व्यवस्थापक. मालक स्वतः गादीच्या गोदामात वाढलेले, व्यवस्थापन कशाशी खातात माहीत नाही. त्यांना म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल, पण माझ्यासाठी एक खोटं लिहावं लागेल, की मला काही येत नाही. ते म्हणाले, आत्ता लिहू का?

केबिनचं दार लावून बसले. मधे एकदा दार उघडून आणखी कागद मागितले. आत दोन कप कॉफी गेली. हा माणूस बिलबुकाची कोरी पानंसुद्धा मोजून देतो. माझ्यासाठी एवढा वेळ! डोळे भरून आले.

७ फेब्रुवारी
मालकांचा जबाब वाचला. सहा पानं. काय कल्पनाशक्ती! म्हणजे घटना सगळ्या खऱ्याच आहेत, पण सूर असा लावलाय की वाचणाऱ्याला वाटावं चूक माझी होती. उदाहरणार्थ: ‘यांनी मला न विचारता साठ गोल गाद्या मागवल्या. गोल पलंग बाजारात मिळत नाहीत असं सांगितल्यावर, बाजार मिळत नसतो, घडवावा लागतो, असं उत्तर दिलं. गाद्या गोदामात आहेत. उंदीर सोडून कुणी वापरत नाही.’

शेवटी लिहिलंय, ‘वरील मजकूर मी कोणत्याही दबावाशिवाय, पूर्ण समाधानानं लिहिला आहे.’ समाधानानं! अभिनयाचा कळस.

११ फेब्रुवारी
बायकोनं एकच पान लिहिलं. लिहिताना दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली. आतून हसण्याचा आवाज आला. नळ चालू होता, नक्की सांगता येत नाही.

मजकूर: ‘आमच्या घराचं पाच वर्षांचं आर्थिक नियोजन यांनी लग्नानंतर लगेच हाती घेतलं. लग्नाला सहा वर्षं झाली. मुखपृष्ठ तयार आहे.’

मुखपृष्ठ रंगीत आहे, हे तिनं मुद्दाम लिहिलं नाही.

२० फेब्रुवारी
ताईकडे तलावावर गेलो. तिसरा जबाब म्हणजे हातचा मळ असं समजून चाललो होतो.

क्लोरिनचा वास, ओल्या फरशा, पोरांचा कालवा. ताई काठावर बसून एका रडणाऱ्या मुलीची हनुवटी धरून तिला पाण्यात तरंगवत होती. गॉगलचा पट्टा तुटलाय, तो तिनं दोऱ्यानं बांधलाय. इतका चिक्कूपणा बरा नव्हे. नवा गॉगल काय महाग असतो?

मुलं पाण्याबाहेर पडल्यावर तिला कागद दिला. तयार मजकूर, फक्त सही करायची. तिनं हात पुसून वाचला. परत दिला. म्हणाली, मी यावर सही करणार नाही.

मी म्हटलं, अगं तुझाच फायदा आहे, कपात थांबेल. म्हणाली, बँकेत मी सही केली ती तुझ्या पगारावर नव्हती, तुला पगार कुठे होता तेव्हा. तुझ्या हुशारीवर केली. आता ती हुशारीच नव्हती म्हणून सही करू?

म्हटलं, ताई, हे फक्त कागदोपत्री. म्हणाली, मग ते कर्जही कागदोपत्रीच आहे, माझ्या पगारातून का कापतात?

भावनाप्रधान बाई. कायद्याची भाषाच कळत नाही. मालक बघा, बायको बघा, कशी चटकन मदत केली. आणि सख्खी बहीण म्हणते माझा भाऊ मठ्ठ नाही! असा अडथळा घरातूनच यावा?

१४ मार्च
ताईचा फोन. लिहून देते म्हणाली. पण स्वतःच्या शब्दांत, आणि बंद पाकिटात.

शेवटी आकड्यांपुढे भावना नमते. तिला या महिन्यात घरभाड्यासाठी मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले असं बायको सांगत होती. म्हणजे कपातीचा असाही उपयोग झाला.

१७ मार्च
पाकीट मिळालं. उघडलं नाही. विश्वास हा नेतृत्वाचा पाया. शिवाय तिनं डिंक फार लावलाय, वाफेनंही सुटेना.

१८ एप्रिल
आज सुनावणी.

खोली लांबट, भिंतीला हिरवट रंग, पंखा. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई. त्यांना सर्दी झाली होती. सारख्या नाक पुसत होत्या. माझी चौदा पानं बाजूला ठेवली. मालकांचा जबाब मात्र शेवटपर्यंत वाचला. मधे एकदा रुमाल तोंडावर धरला. बायकोचा वाचताना पुन्हा धरला. सर्दी वाईटच.

मग म्हणाल्या, एक साधा प्रश्न. शंभर रुपयांची गादी वीस टक्के सूट देऊन लावली. सीझन संपल्यावर आहे त्या किमतीत वीस टक्के वाढ केली. आता किंमत किती?

इथे मी अडकलो. नाटकाप्रमाणे मी ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. ठरलंच होतं. बायकोनं दाराशी दोनदा बजावलं होतं. पण समोर प्रश्न, हातात उत्तर, आणि समोरची बाई मला अडाणी समजून वाट बघतेय! माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, शंभर. वजा वीस, अधिक वीस. आणि तिथेच न थांबता सांगितलं की हे झालं सामान्य माणसाचं गणित, पण ग्राहकाच्या मनात तीच गादी आता एकशेवीसची झालेली असते. मग ओघात गोल गाद्यांमागची दृष्टी मांडली. बाजार घडवण्याबद्दल बोललो. दूरदृष्टी आणि खोलदृष्टी यांतला फरक सांगितला. हा फरक मला बोलता बोलताच सुचला.

थांबलो तेव्हा लक्षात आलं, आपण दावा मातीत घातला. एवढं ज्ञान दाखवल्यावर कोण म्हणेल याला शिकवलं नाही?

बाईंनी पेनचं टोपण लावलं. म्हणाल्या, मंडळाला आणखी पुराव्याची गरज वाटत नाही.

मग म्हणाल्या, एक जबाब राहिलाय. ताईचं पाकीट फोडलं. बंद पाकिटातला जबाब कायद्यानं मोठ्यानं वाचावा लागतो म्हणे. इथे उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या मला वाटेल की मी चुकीचं ऐकलं.

‘माझा भाऊ लहानपणी फार हुशार होता. दुकानदारानं हिशोबात चूक केली तर तोंडी सांगायचा. एखादं गणित अडलं तर वही घेऊन माझ्याकडे यायचा, म्हणायचा, ताई, हे येत नाही गं. मलाही यायचं नाही. मग आम्ही दोघं मिळून बसायचो आणि बहुतेक वेळा त्यालाच सुटायचं. या संस्थेतून आल्यापासून त्यानं कशालाही ‘येत नाही’ म्हटलेलं नाही. संस्थेनं त्याला काही शिकवलं नाही, अशी माझी तक्रार नाही. होतं ते घेतलं, अशी आहे.’

बाईंनी नाक पुसलं. सर्दी.

बाहेर बाकावर थोडा वेळ बसलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, ठीक. जेवलो नाही.

उत्तर शहाण्णव येतं. आत्ता कागदावर करून पाहिलं.

१९ एप्रिल
कालची नोंद पुन्हा वाचली. उगाच हळवी झालीय. ताईनं चाल खेळली आहे, सरळ आहे. मन हेलावणारा मजकूर लिहून बाईंना घोळात घेतलं. रक्तातच आहे आमच्या.

१२ मे
जिंकलो!!

कर्ज पूर्ण रद्द. मुद्दल, व्याज, दंड, सगळं. ताईची कापलेली रक्कम बँकेनं तिला परत द्यायची. आदेशात लिहिलंय, ‘अर्जदाराचं उत्तर हाच सर्वांत ठोस पुरावा आहे.’ म्हणजे माझ्या वक्तृत्वावर दावा जिंकला. कुठे आहेत ते फेडणारे? कुठे आहेत ते हप्त्याहप्त्यानं झिजणारे? त्यांना हा कागद दाखवायला हवा.

ताईला फोन केला. तिनं विचारलं, जेवलास का? एवढ्या मोठ्या बातमीवर हा प्रश्न!

१३ मे
आदेशाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं आहेत.

शिक्षण दिलंच गेलं नाही असं ठरल्यामुळे तो डिप्लोमा रद्द. मूळ प्रत मंडळाकडे जमा करायची. यापुढे तो कुठेही सांगायचा नाही. आदेशाची प्रत नोकरी देणाऱ्याला पाठवण्यात आली आहे.

ठीक आहे. कागद गेला, ज्ञान थोडंच जातं? बायकोला हेच म्हटलं. ती म्हणाली, कुठलं ज्ञान? आदेशात तर म्हटलंय ते नव्हतंच. मी म्हटलं, नाटकातलं वाक्य खऱ्या आयुष्यात वापरू नये. म्हणाली, मी नाटकात नव्हते.

२१ मे
मालकांनी बोलावलं. आदेशाची प्रत टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली होती. म्हणाले, सहायक व्यवस्थापकाची जागा डिप्लोमावाल्यासाठी आहे, नियम तुम्हीच लिहून भिंतीवर लावला होतात. खरं आहे. तीन वर्षांपूर्वी, काउंटरवरच्या मुलीनं त्या जागेसाठी अर्ज केला होता, तेव्हा. तिच्याकडे डिप्लोमा नव्हता.

मी म्हटलं, पण तुम्ही तर ते सगळं माझ्यासाठी खोटं लिहिलं होतं ना? मालकांनी चष्मा काढला. ते म्हणाले, मी आयुष्यात माल खपवायला बरंच खोटं बोललोय, पण लेखी कधी दिलेलं नाही.

उद्यापासून विक्री विभाग. पगार त्याप्रमाणे. खिडकीत एक गोल गादी मांडली आहे, ती खपेपर्यंत गिऱ्हाईकांना त्यावर पडून दाखवायचं. पाय बाहेर येतात.

२ जून
बायकोनं सहज हिशोब केला. ती नेहमी सहजच करते. जानेवारीत स्लिप जोडली असती तर हप्ता चहापाण्याइतका झाला असता, आणि जागा गेली नसती. नव्या पगारातली घट त्या हप्त्याच्या कितीतरी पट आहे. मी म्हटलं, तत्त्वाला किंमत नसते. म्हणाली, तुझ्या तत्त्वाला आहे, दरमहा आहे, घे बघ. कागद बघितला नाही. आकडे मोठ्या अक्षरात होते, दिसले.

९ जून
मालकांनी भिंतीवरचा नियम उतरवल्यापासून काउंटरवरची मुलगी सहायक व्यवस्थापक झाली आहे; आज ती गिऱ्हाईकाला माझ्याकडे घेऊन आली. मी उठून उभा राहिलो. म्हणाली, नाही नाही, तुम्ही पडूनच राहा.

२६ जून
ताई घरी आली. केस ओले. सोबत एक माहितीपत्रक. मोठ्या मुलांना स्पर्धेसाठी तयार करायचा प्रशिक्षकाचा कोर्स, एक वर्षाचा. हे तिला फार वर्षांपासून करायचं होतं म्हणे, पण पगार अडकलेला असताना बँक दारात उभं करत नव्हती. आता मोकळी झाली, तर शिक्षणासाठी कर्ज काढणार.

या वयात! संस्था तपासलीस का, नोकरीची हमी किती टक्के सांगतात, मागच्या बाजूला काय लिहिलंय, सगळं विचारलं. तिनं अटी दोनदा वाचल्या होत्या. हमी कसलीच देत नाहीत म्हणाली.

मग म्हणाली, एक जामीनदार लागतो रे. आणि माझ्याकडे बघितलं.

मी लगेच हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१ जुलै
सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला. मी, ताई आणि बायको, तिघं बँकेत गेलो. बायकोचं काम नव्हतं, पण रजा होती म्हणून आली.

बँकेतला माणूस तरुण, सभ्य. ताईचे कागद पाहिले, ठीक म्हणाला. मग मला विचारलं, शिक्षण? मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, बारावी. हुद्दा? विक्री. पगार सांगितला. त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं, जरा वेळ पाहत राहिला, आणि अगदी हळू आवाजात ताईला म्हणाला, यांचं चालणार नाही हो. दुसरं कुणी आहे का?

ताई म्हणाली, असू दे, बघू पुढच्या वर्षी. बायकोनं पर्समधून ओळखपत्र काढलं. सरकारी हॉस्पिटल, नऊ वर्षं, एकही हप्ता चुकलेला नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. म्हणाला, या ना मॅडम, इथे सही करा.

टेबलापुढे दोनच खुर्च्या होत्या. तो मला म्हणाला, साहेब, जरा सरकता का, त्यांना बसू दे.

सरकलो.